रोपं सुपरमार्केटातून घ्यायची की नर्सरीतून, आमच्या इंदूरचा हिशोब

मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नाही द्यायचे, रोपं द्यायची असं मी ठरवलं आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं. पस्तीस बायका म्हणजे पस्तीस रोपं. घराजवळच्या मोठ्या सुपरमार्केटात बिलिंग काउंटरच्या अलीकडे एक लोखंडी स्टँड असतो, त्यावर छोटी छोटी रोपं, आणि त्या दिवशी नेमकं दोन घेतले की एक फ्री. मी हिशोब केला, ह्यांनी पण केला, दोघांचाही आकडा एकच आला (हे आमच्याकडे फार वेळा होत नाही) आणि ट्रॉली भरून घरी. हळदीकुंकू झकास झालं, बायकांनी फोटो टाकले, कौतुक झालं. रथसप्तमीच्या आत सासूबाईंच्या मैत्रिणीचा फोन, "अगं, तुझं वाण गेलं गं." मग दुसरीचा. तिसरीने सांगितलंच नाही, पण तिच्या ओट्यावर रिकामा गमला दिसला.

(पुण्याकडच्यांसाठी: आमच्याकडे कुंडीला गमलाच म्हणतात, मराठी बोलतानासुद्धा. सवय करून घ्या.)

माझ्याकडे चार रोपं उरली होती, त्यातली दोन मेलेलीच होती, म्हणून एक उपटून बघितलं. वरून गमला चार इंचाचा, आत भुसभुशीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेलं, आणि ते सगळं सहज गळून पडलं, कारण मुळं त्यात आलीच नव्हती. मुळं कुठे होती तर मधोमध, अंगठ्याएवढ्या एका जाळीच्या पिशवीत, एकमेकांत गच्च गुंतलेली, कोरडी ठाक. म्हणजे फुटवा लावला होता त्या जाळीत, आणि विकायच्या आधी थोडेच दिवस तो मोठ्या गमल्यात बसवून बाजूने कोकोपीट लोटलं होतं. वरून पाणी घातलं की ते बाजूच्या कोकोपीटमधून खाली निघून जायचं आणि मधली गाठ कोरडीच. बायका बिचाऱ्या रोज पाणी घालत होत्या.

तेव्हापासून मी कुठेही गेले, सुपरमार्केट असो की नर्सरी, भाव नंतर विचारते. आधी दोन गोष्टी बघते, माल कधी आला आणि मातीच्या खाली काय आहे. बाकी सगळं ह्या दोनच्या मागून येतं.

आता सुपरमार्केटचं बोलू. लोक म्हणतात तिथली रोपं बेकारच असतात, तसं नाहीये. रोप ट्रकमधून उतरतं तेव्हा बऱ्याचदा चांगलंच असतं, अगदी नर्सरीत दिसतं तसंच, कारण येतं पण तिथूनच. खराब होतं ते दुकानात. एसी, ट्यूबलाइट, खिडकी नाही, पाणी घालणारा मुलगा म्हणजे बिस्किटांचे पुडे लावणाराच, त्याला वेळ मिळाला तर घालतो, आणि घालतो तेव्हा दोन दिवसांचं एकदम घालतो. वरून रोपाला प्लास्टिकची पुंगळी गुंडाळलेली असते, ती प्रवासासाठी असते पण दुकानात कोणी काढत नाही, आत दमट राहतं आणि पानं सडायला लागतात. पाच दिवस ठीक, पंधरा दिवसांनी त्या रोपात जीव उरत नाही, फक्त हिरवा रंग उरतो. आणि ऑफर कधी लागते? पंधराव्या दिवशी. माझी ती दोन-वर-एक फ्री आठवली ना.

म्हणून सुपरमार्केटातून घ्यायचं तर माल येतो त्या दिवशी घ्या. विचारायला लाजू नका, "भैया, पौधे किस दिन आते हैं" इतकंच. आमच्या इथे गुरुवारी येतात हे मला त्या मुलानेच सांगितलं, आणि आता मी गुरुवारी संध्याकाळी जाते, भाजीच्या निमित्ताने.

आणि सगळं घेऊ नका, जे उपास सहन करतं तेच घ्या. झीझी प्लांट घ्या, त्याच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, त्यात पाणी साठवलेलं असतं, म्हणून दुकानात महिनाभर विसरलं तरी मरत नाही. स्नेक प्लांट तसंच. मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट चालतं. फर्न घेऊ नका, मेडनहेअर फर्न तर अजिबात नाही, एसीत दोन दिवसांत त्याची किनार करपते. तिथे गुलाब घेऊ नका, तुळस घेऊ नका, मोगरा घेऊ नका, ही सगळी उन्हातली मंडळी आहेत, ट्यूबलाइटखाली आठवडा काढला की पुढे तुमच्या गच्चीत ऊन लागल्यावर पानं पांढरी पडून भाजतात. डिसेंबरात लाल पानांचं पॉइनसेटिया येतं, शेवंती येते, गुटगुटीत, गच्च फुललेली. ती शोभेला घ्या, हार घेतो तसं समजा. ती झाडं दिवस-रात्रीची लांबी मोजून फुलतात, शेतात त्यांना मुद्दाम लांब रात्र देऊन फुलवतात, आणि बुटकी राहावी म्हणून वाढ रोखायचं औषध पण बऱ्याचदा दिलेलं असतं. त्या औषधाचा असर गेला की तीच शेवंती पुढच्या वर्षी गुडघ्याएवढी लांबोडी होते आणि आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

कॅक्टसच्या सेक्शनमध्ये जरा थांबा. कॅक्टसवर पिवळं-गुलाबी कोरडं फूल दिसलं तर नखाने हलकं हलवा, कितीतरी वेळा ते गोंदाने चिकटवलेलं असतं. वरचे रंगीत खडे पण कधीकधी चिकटवलेलेच, पाणी आतच जात नाही. आणि तो लाल किंवा पिवळा गोळा हिरव्या दांड्यावर बसवलेला, मून कॅक्टस, तो एक नाही, दोन झाडं आहेत. वरच्या गोळ्यात हरितद्रव्यच नाही, तो स्वतः जगूच शकत नाही, म्हणून ड्रॅगनफ्रूटच्या जातीच्या खांबावर कलम करतात. काही वर्षं चालतो, मग खांब आणि गोळा एकमेकांशी जमवून घेत नाहीत. माहीत असून घेतला तर हरकत नाही, मी घेतलाय. लकी बांबू पण बांबू नाही बरं का, ड्रसीना आहे, पण त्यावर आमच्या जिज्जींशी वाद घालून उपयोग नाही.

सुपरमार्केटात खरी चांगली घ्यायची वस्तू म्हणजे रोप नाहीच, सामान. झारी, खुरपी, गमल्याखालच्या बशा, कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट, हे तिथे नर्सरीपेक्षा स्वस्त पडतं, माझा तरी अनुभव तसा. बियांची पाकिटं घेताना मागची तारीख बघा, मेथी-कोथिंबिरीचं चालून जातं पण कांद्याचं बी एका वर्षात म्हातारं होतं.

आता नर्सरी. इथे आपल्या लोकांचा एक भ्रम आहे की नर्सरीवाला म्हणजे रोपं बनवणारा. भिया (आमच्या इंदुरी बोलीत भैया), दहातले बरेचसे फक्त विकणारे असतात. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियम म्हणून गाव आहे, गोदावरीच्या काठचं, तिथे मैलोन्मैल नर्सऱ्याच आहेत, तिथून ट्रक भरभरून देशभर जातात. काही माल पुण्याकडून, काही कलकत्त्याहून. खंडवा रोडला किंवा बायपासला जी हिरवीगार दुकानं दिसतात त्यातला बराच माल असा दोन-तीन दिवस ताडपत्रीखाली बसून आलेला असतो. म्हणजे सुपरमार्केट आणि अशा नर्सरीत फरक इतकाच की इथे ऊन आहे, हवा आहे, आणि पाणी घालणाऱ्याला पाणी घालता येतं. हा फरक छोटा नाही, पण त्याने तो एक्स्पर्ट होत नाही.

खरा बनवणारा ओळखायचा कसा? मागे जा. पुढचा भाग सगळ्यांचाच छान असतो. मागे हिरव्या जाळीखाली छोट्या काळ्या थैल्यांच्या ओळी, वाळूत खोचलेल्या काड्या, एखादं मोठं जुनं जास्वंदीचं झाड ज्याच्या फांद्या कापलेल्या दिसतात, एखादी बाई खाली बसून थैल्या भरतेय, असं दिसलं की समजा इथे काम होतं. मी ज्या काकांकडे जाते त्यांची जागा इतकी साधी की पहिल्यांदा मी स्कूटी न थांबवता पुढे गेले होते. त्यांना विचारलं हे गुलाब केव्हाचे, तर म्हणाले "दिवाळीच्या आधी डोळा भरला, आत्ता फुटलाय, तुम्ही महिन्याने या." (डोळा भरणं म्हणजे रानटी गुलाबाच्या खोडात चांगल्या गुलाबाचा डोळा बसवून कलम करणं.) जो आज विकायच्या ऐवजी महिन्याने या म्हणतो त्याच्याकडे मी परत जाते.

आणखी एक दरवाजा लोक विसरतात, सरकारी रोपणी, म्हणजे रोपवाटिका. उद्यानिकी विभागाच्या असतात, वनविभागाच्या असतात, महूजवळ बडगोंद्याला वनविभागाची आहे. तिथे फॅन्सी काही नाही मिळणार, आणि जे मागाल ते असेलच असं नाही, पण कडुनिंब, करंज, आवळा, जांभूळ, बांबू असली झाडं लावायची असतील, कॉलनीच्या बगीच्यासाठी वगैरे, तर आधी तिथे चौकशी करा. भाव खूप कमी असतो आणि रोप इथल्याच मातीत इथल्याच उन्हात वाढलेलं असतं.

आता हातात रोप आल्यावर काय बघायचं ते सांगते, हे दोन्हीकडे सारखंच.

थैली किंवा गमला उचलून बुडाशी बघा. दोन-चार पांढरी मुळं भोकातून डोकावत असतील तर छान. तपकिरी मुळांचा जाड गुच्छ बाहेर येऊन जमिनीत शिरलेला असेल आणि नर्सरीवाल्याने हिसका देऊन उपटून दिलं तर ते रोप ठेवून द्या, त्याची अर्धी मुळं तिथेच राहिली. मग खोड दोन बोटांत धरून हलकं हलवा, मातीसकट हललं पाहिजे, खुंट्यासारखं एकटंच डुगडुगलं तर ते कालच भरलंय. पान उलटं करा. सगळे वरून बघतात, कीड खालून असते. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण, जास्वंदीला हमखास. बारीक जाळं आणि पानावर फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी. चिकट लागलं हाताला तर मावा किंवा खवले कीड कुठेतरी आहेच. फुलं भरपूर असलेलं रोप नको, कळ्या असलेलं घ्या, आणि उंच एकदांडीपेक्षा बुटकं तीन फांद्यांचं बरं. उंचीचे पैसे घेतात, पण उंची कामाची नाही.

गुलाबाचं वेगळं सांगावं लागेल कारण गुलाबात सगळ्यात जास्त पैसे बुडतात. हिवाळ्यात हातगाडीवर जे बाहेरचे गुलाब येतात, टपोरी फुलं, स्वस्त, त्यांच्या मुळाशी चिकणमातीचा गोळा असतो, नदीकाठची चिकट माती, प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून दाबून बसवलेली. तो गोळा वाळला की वीट होतो. आपण तो तसाच छान माती-खताच्या गमल्यात ठेवतो, बाजूची माती ओली, आतली वीट कोरडी, मुळं विटेच्या बाहेर येतच नाहीत, आणि महिन्याभरात काड्या काळ्या. म्हणजे माझ्या वाणाची जी गोष्ट झाली तीच, फक्त कोकोपीटच्या जागी चिखल. उपाय सोपा आहे. बादलीत पाणी घ्या, गोळा त्यात तास-दोन तास बुडवून ठेवा, मग बोटांनी हळूहळू बाहेरची माती विरघळवून काढा, सगळी काढायचा हट्ट नाही करायचा, मधला थोडा गोळा राहू दे, बारीक मुळं तुटता कामा नयेत. फुलं आणि कळ्या कापून टाका (जीवावर येतं, माहीत आहे), आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन. हे थंडीतच करा, मार्चनंतर गुलाबाची मुळं छेडू नका. आणि खोडाच्या खाली जिथे गाठ दिसते, तिथे डोळा भरलेला असतो, ती गाठ मातीच्या वर ठेवा. गाठीच्या खालून तरारून काडी निघाली की लोक खूश होतात, ती रानटी गुलाबाची असते, बुडातून काढून टाका, नाहीतर दोन वर्षांत तुमचा लाल गुलाब गायब आणि काटेरी झुडूप हजर.

आंब्याचं पण हेच. कलमी आंबा म्हणून घेतलं आणि वरचं कलम मेलेलं, खालचा गावठी फुटलेला, असं कितीदा बघितलंय. जोड शोधा, नखाने जरासं खरवडून वरची काडी हिरवी आहे का बघा, आणि जोडावरची प्लास्टिकची पट्टी घरी आल्यावर विसरू नका, जोड पक्का दिसला की काढा, नाहीतर खोड जाड झाल्यावर तीच फास लावते. कोणी रस्त्यावर नूरजहाँची कलम म्हणून देत असेल तर जरा हसून पुढे जा. नूरजहाँ म्हणजे अलीराजपूरकडे कट्ठीवाड्याचा तो दोन-तीन किलोचा आंबा, त्याची झाडं मोजकीच आहेत, हातगाडीवर ढीग लागत नाही. फळझाड ओळखीच्याकडूनच घ्यावं, कारण मनीप्लांट फसला तर महिन्यात कळतं, आंबा फसला ते पाच वर्षांनी कळतं, तोवर नर्सरीवाल्याने तिथे टाइल्सचं दुकान टाकलेलं असतं. कागदी लिंबू मात्र बियांपासून केलेलं असलं तरी बहुतेक वेळा आईसारखंच निघतं, तिथे कलमाचे ज्यादा पैसे दिले नाही तरी चालतं, फळाला दोन-तीन वर्षं जास्त लागतील इतकंच.

घरी आणल्यावर. लगेच गमला बदलू नका, ही सगळ्यात मोठी चूक, मी पण करायचे. आधी पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब, आमच्याकडे जिन्यात जागा आहे, तिथे ठेवते. ह्या दिवसांत कीड असेल तर दिसते, आणि रोपाला पण कळतं आपण कुठे आलो. पानं थोडी गळतात, फायकस तर जागा बदलली की रुसून अर्धी पानं टाकतो, घाबरू नका, पाणी वाढवू नका. कीड दिसली तर एक लिटर पाण्यात ५ मिली नीमतेल, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, नाहीतर तेल वरच तरंगतं, संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचं, आठवड्याने परत.

सुपरमार्केटचं कोकोपीटवालं रोप असेल तर पहिल्याच दिवशी ते परातीत पाणी घेऊन त्यात अर्धा तास ठेवा. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की वरचं पाणी धरत नाही, खालूनच प्यायला द्यावं लागतं. पंधरा दिवसांनी गमला बदलताना ती मधली जाळी शोधा आणि कात्रीने कापा, दोन-तीन ठिकाणी उभी चिरली तरी पुरे. माझी वाचलेली दोन रोपं अशीच वाचली.

माती: आमची माळव्याची काळी माती शेतात सोनं, गमल्यात ताप. पावसात चिखल, उन्हात भेगा, भेगांतून पाणी सरळ खाली. एकटी कधीच भरू नका. मी एक भाग काळी माती, एक भाग मोरम किंवा जाडी रेती, एक भाग जुनं खत घेते, वरून मूठभर नीमखली (निंबोळी पेंड). खत विकत घ्यायची इंदूरवाल्यांना तर लाज वाटली पाहिजे, ओल्या कचऱ्याची बादली आपण रोज वेगळी काढतोच. आणि कंपोस्टच्या एका पद्धतीचं जगभर नावच इंदूर मेथड आहे. १९२४ ते १९३१ अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ इथे होते, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथल्या संस्थेत, त्यांनी पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर लावून, मधूनमधून उलटून, तीनेक महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. बाहेरच्या देशांत लोक आपल्या गावाच्या नावाने खत करतात आणि आपण ऑनलाइन वर्मी कंपोस्ट मागवतो.

कधी घ्यावं? मोठी झाडं आणि वेली जूनच्या अखेरीस, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. पेटुनिया, पॅन्झी, डायँथस असली हिवाळी फुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि ती नर्सरीतूनच, डझनावर मिळतात, ट्रेमधली छोटी घ्या, फुललेली नको. एप्रिल-मेत काहीच नको. लू चालू असताना आणलेलं रोप, कितीही चांगल्या ठिकाणाहून आणा, तुम्ही लग्नाला म्हणून दोन दिवस उज्जैनला जाऊन आलात की संपलं. आणि आणायचं कसं तेही बघा, स्कूटीवर पायाशी उभं ठेवून चाळीसच्या स्पीडने आणलं की वाऱ्याने पानं फाटतात. ओढणी गुंडाळा.

भावाचं म्हणाल तर माझ्या वहीत आहे: तेच सिंगोनियम सुपरमार्केटात ९९, ऑफरला ६६, बायपासच्या नर्सरीत ८०, काकांकडे ४० पण थैलीत, गमला आपला. वाणाच्या पस्तिसातली चौदाच जगली, म्हणजे ६६चं रोप मला खरं १६५ला पडलं. हा हिशोब ह्यांना दाखवला नाही.

ह्या संक्रांतीला मी सप्टेंबरातच काकांकडून एक मोठं स्पायडर प्लांट घेतलं आणि घरच्या जुन्याच्या जोडीला ठेवलं. त्याला लांब दांड्यांवर पिल्लं लटकतात, ती खाली छोट्या गमल्यात टेकवून क्लिपने अडकवली, मुळं धरली की दांडी कापली. आत्तापर्यंत एकोणतीस झालीयेत, गच्चीत ओळीने उभी आहेत. सासूबाईंच्या मैत्रिणीने आधीच सांगून ठेवलंय, "मला दोन दे, एक मागचं उधार आहे."